टायरचं बीपी

इतरांच्या घरी पाहुणा आला की आधी पाणी विचारतात. आमच्या शेजारच्या देवरे आप्पांकडे आधी माती विचारत.

"या, बसा. येताना माती आणली का?"

नवखा माणूस चपापून स्वतःच्याच चपलांकडे बघू लागे. सिडकोतल्या आमच्या लेनमधल्या लोकांना मात्र त्याची सवय झाली होती. कुणी त्र्यंबकला गेलं की येताना शेजाऱ्यांसाठी प्रसाद आणि आप्पांसाठी मूठभर माती, तीही वेगळ्या पिशवीत बांधून. सिन्नरला माहेर असलेल्या कुलकर्णीबाई काळी माती आणत. माझ्या नणंदेनं देवळाली कॅम्पहून मुरूम आणला होता. आमचे हे एकदा ऑफिसच्या कामाला कोकणात गेले, तर माझे काजू विसरले, पण आप्पांची तांबडी माती विसरले नाहीत. त्यावरून घरात जे बोलणं झालं ते मी इथे लिहीत नाही.

माती हातात पडली की आप्पांना आजूबाजूचं भान राहत नसे. चिमूटभर माती अंगठा आणि बोटात चोळायची, वास घ्यायचा, मग थेंबथेंब पाणी घालून परातीत मळायची. परात देवरेवहिनींची, भाकरीची. गोळा मनासारखा झाला की त्यावर टायरचा एक कापलेला तुकडा दाबायचा, उचलायचा आणि ठसा कसा उमटला, रबराला माती किती चिकटली, हे डोळे बारीक करून बघायचं. पसंत पडली तर म्हणत, "माती इमानदार आहे." पसंत नाही पडली तर थेट सटाण्याकडची त्यांची बोली तोंडात येई. "हाई माती खोटी शे, वहिनी. दिसस मऊ, पन दगा देस."

पसंत पडलेली आणि न पडलेली अशी सगळी माती जॅमच्या बाटल्यांत भरून खिडकीत मांडलेली असे. शेजारणी लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवायच्या आणि पलीकडच्या खिडकीत आप्पांची माती ऊन खायची. एकदा माझ्या सासूबाई चिंचेचा कोळ समजून त्र्यंबकची एक बाटली उचलून आणणार होत्या. थोडक्यात वाचलो.

आप्पा अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा आणि नापास करायचा, हे त्यांचं काम. संध्याकाळी ते काम संपत नसे, फक्त जागा बदलत असे. लेनमध्ये कुणीही गाडी लावली की आप्पा आधी टायरला भेटत आणि मग माणसाला. अंगठ्याचं नख टायरच्या खाचेत घालून खोली बघत आणि त्यानंतर, "काय, बरं आहे ना?" असं विचारत. ते टायरला विचारलं की आपल्याला, हे कळायला मार्ग नसे.

माझ्या मोपेडचं मागचं टायर बघून ते एकदा म्हणाले, "वहिनी, हे टायर नाही. ही पाटी आहे. पुसलेली."

मी हसून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघाले तर मोपेडच्या सीटवर एक चिठ्ठी दगडाखाली ठेवलेली. "रिक्षाने जा." तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच. चौथ्या दिवशी मी निमूटपणे टायर बदलून आणलं. कुलकर्ण्यांच्या मुलाच्या लग्नात तर कहर झाला. वरातीची फुलांनी मढवलेली गाडी दारात उभी, नवरदेव आत, बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केलेली, आणि आप्पा गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसलेले. "स्टेपनी काढा," ते ड्रायव्हरला म्हणाले. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी जॅकसुद्धा लावला होता. अर्धा तास नवरदेव बाशिंग बांधून आत बसून राहिला. व्याह्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. मला हसू आवरेना, पण मनातून मी आश्चर्याने थक्कही झाले होते. एवढ्या माणसांसमोर एवढ्या शांतपणे वेडं ठरायला छाती लागते.

अशा माणसाच्या दारात एक दिवस टेम्पोतून ती गाडी उतरली.

गंगापूर धरणाकडच्या एका रिसॉर्टवाल्यानं पर्यटकांना फिरवायला ती आणली होती. तिला स्पोर्ट क्वाड म्हणतात, हे आम्हाला आप्पांनी सांगितलं. तोवर आम्ही तिला 'चारचाकी मोटरसायकल' म्हणत होतो. मोटरसायकलसारखं हँडल, खाली चार गुबगुबीत चाकं, बसायला एकच सीट, आणि वेग द्यायला मूठ पिळायची नाही, अंगठ्यानं एक खटका दाबायचा. पर्यटकांनी ती इतकी दामटली होती की चारही टायर भोपळ्यासारखे गुळगुळीत झाले होते. मालक कंटाळला आणि आप्पांनी ती उचलली.

सगळी लेन बघायला जमली. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला रेसचं वेड लागलं, असा सर्वांचा समज झाला.

"किती पळते?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"पळायचं कुणाला आहे?" आप्पा म्हणाले. "चढायचंय."

"कुठे?"

"सासुरवाडीला."

हे मात्र त्यांनी कधी लपवलं नाही. पेठच्या पुढे डोंगरात देवरेवहिनींच्या माहेरचा पाडा होता. पाड्याच्या खाली नाला, नाल्यापासून वर एक लाल चिकणमातीची चढण. उन्हाळ्यात जीप सरळ दारापर्यंत जाते. पावसाळ्यात त्या चढणीवर भलेभले हात टेकतात. एकदा एक सरकारी जीप हट्टानं वर निघाली, ती घसरत जाऊन नागलीच्या शेतात बसली आणि तिथून दिवाळीनंतरच निघाली. ती चढण आप्पांना ऐन आषाढात चढायची होती.

"मग उन्हाळ्यात जा की," लोक म्हणत.

"उन्हाळ्यात जाऊन काय उपयोग?" एवढंच आप्पा म्हणत आणि पुन्हा टायरकडे वळत.

देवरेवहिनी दारात काठी टेकून उभ्या असत आणि गालात हसत. वहिनी पूर्वी आरोग्य केंद्रात नर्स होत्या. डाव्या पायानं अधू झाल्यावर त्यांनी नोकरी सोडली. बोलायला कमी, पण एक वाक्य टाकतील ते असं की समोरच्याला दिवसभर पुरावं. क्वाड दारात आली त्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "चला, आता घरात सगळ्यांना धड पाय झाले. मी सोडून."

आता खरा प्रश्न टायरचा होता. असल्या गाडीचं टायर तेव्हा नाशकात कुठे मिळणार? आप्पा द्वारकेवरची टायरची सगळी दुकानं पालथी घालून आले. ट्रकचं होतं, ट्रॅक्टरचं होतं, बैलगाडीचंसुद्धा होतं. एका दुकानदारानं तर क्वाडचा फोटो बघून विचारलं म्हणे, "हे जनावर खातं काय?"

पहिल्या वर्षी आप्पांनी द्राक्षबागेतल्या छोट्या ट्रॅक्टरचे टायर बसवले. त्यासाठी रिमही वेगळी करून घेतली. दिसायला झकास. बोटबोटभर उंचीच्या नक्षीचे टायर, बघूनच वाटावं की ही गाडी भिंतीवर चढेल. आषाढात टेम्पोत घालून ते क्वाड घेऊन गेले आणि संध्याकाळी परत आले ते डोक्यापासून पायापर्यंत लाल होऊन.

"काय झालं, आप्पा?"

"लाडू झाले," ते म्हणाले. "चार लाडू."

मग त्यांनी मला उभ्या उभ्या समजावून सांगितलं. टायरच्या नक्षीत दोन खुंट्यांच्या मध्ये जागा मोकळी लागते. चाक फिरताना तिथली माती बाहेर फेकली गेली पाहिजे. जागा अरुंद असली की चिकणमाती तिथे भरून बसते आणि मग खुंट्या कितीही उंच असोत, टायर वरून गुळगुळीत गोळा होतो. शिवाय ट्रॅक्टरचा टायर ट्रॅक्टरच्या वजनासाठी बनवलेला. हलक्या गाडीखाली तो वाकत नाही, मातीला बिलगत नाही, नुसता ताठ उभा राहतो. "नव्या जावयासारखा," ते म्हणाले.

दुसऱ्या वर्षी सिन्नरच्या बाजारातून त्यांनी गुरांच्या साखळ्या आणल्या आणि चाकांना आवळल्या. साखळी मातीत रुतेल आणि गाडी ओढेल, असा हिशोब. साखळी रुतली, अगदी मनापासून रुतली. चाक वर जायचं सोडून जागच्या जागी विहीर खणायला लागलं. पाड्यावरचे लोक वरून बघून हसले, असं आप्पांनी स्वतःच सांगितलं, आणि सांगताना तेही हसले.

"मातीची चूक नाही. मी तिला ओरबाडत होतो. तिच्यावर पसरायला पाहिजे, ओरबाडून ती कुणाला धरत नाही."

मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की हा माणूस टायरचा अभ्यास करत नाहीये. हे काहीतरी दुसरं आहे. पण काय, ते कळेना.

तिसऱ्या वर्षी कारखान्यातल्या एका सहकाऱ्याच्या परदेशात असलेल्या पुतण्यानं क्वाडचे खरे टायर पाठवले. त्याच्याआधी महिनाभर आप्पांचं कशातच लक्ष नव्हतं. पुतण्यानं दोन प्रकारच्या टायरची छापील चित्रं पाठवली होती. एकाची नक्षी दाट आणि रबर कडक, दगडधोंड्यांत टिकणारं. दुसऱ्याची विरळ आणि रबर मऊ, लवकर झिजणारं. लेनमधल्या यच्चयावत माणसांचं मत आप्पांनी विचारलं. आम्ही सगळ्यांनी एकमुखानं टिकाऊ टायर घ्या म्हटलं. मध्यमवर्गीय माणूस दुसरं काय सांगणार? आप्पांनी मऊ घेतला.

"अहो, वर्षभरात संपेल तो."

"मला एकच दिवस चालवायचाय," आप्पा म्हणाले.

टायर आल्यावर त्यांनी जे काही केलं, ते बघून मी खरोखर तोंडात बोट घातलं. पुढचे टायर वेगळे आणि मागचे वेगळे. पुढच्याला मधोमध एक उभी कड, कारण पुढचं चाक वाट दाखवतं. मागचं रुंद, कारण ते ढकलतं. गाडी कलंडू नये म्हणून मागची चाकं थोडी बाहेर सरकवली, त्यासाठी ॲल्युमिनियमच्या जाड चकत्या कारखान्यातल्या लेथवर करून आणल्या. पुढच्या टायरच्या खुंट्यांवर गरम सुरीनं केसाएवढ्या बारीक चिरा पाडल्या. एकेक खुंटी, एकेक चीर. आमच्याकडे संक्रांतीचे तिळगूळ करून झाले तरी आप्पांचा एक टायर पुरा झाला नव्हता.

आणि मग हवा. या टायरमध्ये हवा फार थोडी ठेवायची, म्हणजे तो बसका होतो आणि मातीवर पसरतो. पण किती थोडी? पेट्रोल पंपावरच्या गेजचा काटा इतक्या खाली हलतच नाही. आप्पा दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले तर अंगणात क्वाडच्या चाकाशेजारी पाट मांडलेला, पाटावर वहिनींचं जुनं, पाऱ्याचं बीपी बघायचं यंत्र, आणि त्याची रबरी नळी एका पितळी जोडाने थेट टायरच्या व्हॉल्व्हला लावलेली. वहिनी खुर्चीवर बसून पारा वाचत होत्या.

"दोनशे दहा," त्या म्हणाल्या.

आप्पांनी हलकेच हवा सोडली. "आता?"

"दोनशे."

"बस. दोनशे पाहिजे."

वहिनी माझ्याकडे वळल्या. "माणसाचं दोनशे झालं असतं तर मी ॲडमिट करून घेतलं असतं. यांच्या टायरचं दोनशे म्हणजे तब्येत ठणठणीत."

घरातल्या साध्या वस्तूनं, कारखान्यातल्या यंत्रालाही जमलं नसतं असं मोजमाप ते नवराबायको अंगणात बसून घेत होते. मी विरजणाची वाटी हातात घेऊन तशीच उभी राहिले. घरी गेल्यावर लक्षात आलं, वाटी रिकामीच होती.

त्यानंतर लेनच्या टोकाच्या मोकळ्या प्लॉटवर आप्पांनी चढण बांधली. अक्षरशः बांधली. पेठकडून एक टेम्पो भरून लाल चिकणमाती आणली, तिचा उतार केला आणि रोज सकाळी पाइपानं भिजवायला सुरुवात केली. सिडकोत पाणी सकाळी तेवढं थोडा वेळ येतं. बायका हंडे लावून उभ्या आणि आप्पा मातीला पाणी पाजतायत. मोठं भांडण झालं. शेवटी तडजोड अशी ठरली, की आप्पांनी बायकांच्या धुण्याचं पाणी न्यावं. पुढे महिनाभर ती चढण साबणाच्या पाण्यावर वाढली. आप्पा म्हणाले, "उत्तमच. आणखी निसरडी होईल."

त्या चढणीवर ते क्वाड चालवत, पण बसून नाही. गिरणीत वजन करून आणलेलं गव्हाचं एक पोतं सीटवर ठेवलेलं, वहिनींच्या जुन्या साडीनं करकचून बांधलेलं. गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि आप्पा बाजूनं चालत, हात लांब करून अंगठ्यानं तो खटका दाबत. पोतं डुलत डुलत वर जाई, डुलत डुलत खाली येई. लोक म्हणत, आप्पांनी गव्हाला फिरायला काढलंय. दिवसातून वीस वेळा तरी ते पोतं वर जायचं. पोत्याचं वजन सत्तेचाळीस किलो. मी गिरणीवाल्याला विचारलं होतं. आप्पा सत्तेचाळीस किलोच्या शर्ट-पँटमध्येसुद्धा मावले नसते.

शेवटी न राहवून मी वहिनींनाच विचारलं. त्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या.

"वहिनी, ते पोतं बरोबर सत्तेचाळीसचंच का?"

"माझं वजन आहे ते," त्या म्हणाल्या. खडा बाजूला टाकला. "गाडी मी चालवणारे. एकच सीट आहे ना."

मग त्यांनी सांगितलं. एका सुरात, मान वर न करता.

त्यांच्याकडे पावसाळ्यात रानात तेरा उगवतो, अळूसारखी रानभाजी. नवा तेरा असाच तोडून खात नाहीत. आधी देवाला दाखवायचा, मग घरच्या माणसांनी खायचा, आणि घरचं एकेक माणूस खाऊन झाल्याशिवाय परक्याच्या पानात वाढायचा नाही. वहिनींच्या घरात पहिलं पान कापायचा मान थोरल्या लेकीचा. लग्न झाल्यावरही वहिनी दर आषाढात त्यासाठी वर जात. एका वर्षी दोघं स्कूटरवरून चालले होते. मागचं टायर पार झिजलेलं. वहिनी म्हणाल्या होत्या बदला, आप्पा म्हणाले होते, दिवाळीनंतर बदलू. त्या लाल चढणीवर स्कूटर घसरली आणि वहिनींचा पाय तिच्याखाली आला.

"मला डोलीत घालून खाली आणलं," त्या म्हणाल्या. "आई वर उंबऱ्यात उभी होती. ह्यांना म्हणाली, माझी लेक तू पाडलीस, आता माझ्या दारात येऊ नको. तेव्हापासून हे वर गेलेले नाहीत. उन्हाळ्यात जीप मला वर सोडते आणि हे नाल्यापाशीच उतरून बसून राहतात. आणि आईनं तेव्हापासून तेरा खाल्लेला नाही. सुनेनं कापलेला चालत नाही तिला."

"मग पावसाळ्यात डोलीतून वर जायचं ना."

वहिनींनी पहिल्यांदा मान वर केली. "आमच्याकडे डोली खाली येते, वहिनी. आजारी माणूस, बाळंतीण. डोलीतून परत वर जातं ते मढं. आईनं बघितलं तर तिथेच प्राण सोडील. मी माझी मी वर आलेली तिला दिसले पाहिजे." पुन्हा खडे वेचायला लागत म्हणाल्या, "आता तिची नव्वदी आली. किती आषाढ उरलेत कोण जाणे."

"पण तुम्हाला जमेल चालवायला?"

"नोकरीत असताना चार पाडे दुचाकीवर फिरायचे मी. ह्या गाडीला तर पायसुद्धा टेकावा लागत नाही. उगाच नाही आणली त्यांनी."

मी घरी आले आणि ह्यांना म्हटलं, आषाढात रजा टाका.

त्या दिवशी आम्ही नाल्याशी पोचलो तेव्हा पाऊस नेटानं लागलेला होता. चढण मी पहिल्यांदाच पाहिली. मला वाटलं होतं तिच्यापेक्षा ती उभी होती, लाल, वरून तुपाचा हात फिरवल्यासारखी चकचकीत. आप्पांनी टेम्पोतून क्वाड उतरवली, बीपीचं यंत्र छत्रीखाली धरून चारही चाकं मोजली, आणि माती बोटांत चोळून आणखी थोडी हवा सोडली. "एकशे ऐंशी," वहिनी म्हणाल्या. आप्पांनी त्यांना उचलून सीटवर बसवलं. अधू पायासाठी त्यांनी डावीकडे एक खोलगट पायरी केली होती, तीत पाय नीट ठेवला, वरून पट्टा लावला.

"अंगठा हलका. गडबड करायची नाही. पुढे वाकून बस. चाक घसरायला लागलं तर दाबू नको, सोड. सोडलं की ते पुन्हा धरतं."

"वीस वर्षं इंजेक्शनं दिलीत मी," वहिनी म्हणाल्या. "अंगठा मला शिकवू नका."

आणि त्या निघाल्या. काठी पाठीला आडवी बांधलेली, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ. मऊ टायर मातीवर पसरत होते, मातीचे लाल गोळे मागे उडत होते आणि गाडी एकसुरी आवाजात बैलाच्या चालीनं वर जात होती. आप्पा तिच्यामागे धावले. सात-आठ पावलं गेले असतील, नसतील. पाय सटकला आणि ते सपशेल बसले. उठले, पुन्हा बसले. तिसऱ्यांदा उठायचा प्रयत्न त्यांनी केलाच नाही. मी खालून बघत होते. त्यांचे पाय वर झाले तेव्हा त्यांच्या कॅनव्हासच्या बुटांचे तळवे मला दिसले. पार गुळगुळीत. पुसलेली पाटी. तीन वर्षं चार टायरांचा विचार करणाऱ्या या माणसानं स्वतःच्या पायांखाली एकदाही बघितलं नव्हतं.

वळणामागे गाडी दिसेनाशी झाली. आप्पा चिखलात बसून डोळे मिटून ऐकत होते.

"ऐका," ते म्हणाले. "आवाज चढत नाहीये. म्हणजे चाक जागच्या जागी फिरत नाहीये. धरलंय तिनं."

मग आवाज एकदम बंद झाला.

आप्पांनी डोळे उघडले. पावसाखेरीज काही ऐकू येईना. आमच्या ह्यांनी माझा हात धरला. वर जाऊन बघावं तर कुणाच्यानं चढवत नव्हतं. किती वेळ गेला सांगता येत नाही, मला तरी तो फार मोठा वाटला. आणि मग वरून हाळी आली, आधी एका माणसाची, मग सगळ्या पाड्याची. आप्पांनी दोन्ही हात समोरच्या मातीवर ठेवले आणि तसेच ठेवून बसले.

ते तिथून हललेच नाहीत. आम्ही टेम्पोत बसा म्हटलं, नको म्हणाले. उन्हाळ्यात नाल्याशी बसायचे तसेच बसून राहिले, फक्त या वेळी थोडे वर. तास-दीड तासानं वहिनींचे एक भाऊ उतरून आले. त्या चढणीवरून ते अनवाणी असे आले, जसं घरातल्या जिन्यावरून उतरावं. हातात सागाच्या पानाचा द्रोण, वर दुसरं पान झाकलेलं.

"दाजी, आयनं धाडलंय," ते म्हणाले. "घरच्या मानसाचा वाटा राह्यलाय म्हनली. तो खाल्ल्याबिगर पाव्हन्यांना वाढता येत नाय."

आप्पांनी द्रोण दोन्ही हातांनी घेतला. आत नागलीची भाकरी आणि तेरा. पहिला घास तोंडात घालून ते बराच वेळ चावत राहिले. पावसानं सगळं तोंड ओलंच होतं, तरी त्यांनी बाहीनं डोळे पुसले.

"तेरा जरा खवखवतो घशाला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"बूट काढा, दाजी," भाऊ म्हणाले. "बोटं रुतवा मातीत, काय नाय होत. आय उंबऱ्यात उभी हाय."

आप्पांनी बूट काढले आणि मेव्हण्याच्या खांद्यावर हात ठेवून चढायला लागले. पुढे आम्हीही एकमेकांना धरत, घसरत, पडत वर पोचलो. आम्हा पाहुण्यांच्या पानात तेरा पडला तेव्हा दुपार कलली होती. चिंच घालून तो असा लोण्यासारखा शिजवला होता, की घशाला खवखव म्हणून झाली नाही. मी हे आप्पांना कधीच सांगितलं नाही.